ब्रिटनला निघालात? आधी कान तयार करा

शाळेत आठ-दहा वर्षं इंग्रजी शिकलेला, नोकरीत इंग्रजी पत्रव्यवहार केलेला, रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारा माणूस ब्रिटनमध्ये उतरतो आणि पहिल्याच आठवड्यात गोंधळतो. दुकानातली मुलगी काहीतरी विचारते, बसचा ड्रायव्हर काहीतरी म्हणतो, शेजारी कुंपणापलीकडून काहीतरी बोलतो. शब्द सगळे इंग्रजीच, पण अर्थ लागत नाही. शिकायला किंवा नोकरीला गेलेली तरुण मंडळी महिन्या-दोन महिन्यांत रुळतात. खरी अडचण होते ती मुलांकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांची. व्हिजिटर व्हिसावर एका खेपेला साधारण सहा महिने राहता येतं. बोलणं न समजल्यामुळे सुरुवातीचे दिवस संकोचात जातात, मग बाहेर पडणं कमी होतं आणि शेवटी उरतो तो टीव्ही आणि संध्याकाळी मुलं घरी येण्याची वाट पाहणं. हे टाळता येतं. त्यासाठी इंग्रजी नव्यानं शिकायला नको. तिथल्या रोजच्या बोलीतले काही शब्द जाण्याआधी ओळखीचे करून घेतले, की पुरतं.

या शब्दांचे तीन गट करा. पहिला गट बोलायचा: हे जेमतेम आठ-दहा शब्द आहेत आणि ते पहिल्या दिवसापासून तोंडात हवेत. दुसरा गट फक्त ऐकायचा: असे शब्द कळले पाहिजेत, वापरण्याची गरज नाही. तिसरा गट अर्थ जाणून दूर ठेवायचा. पाहुण्यानं बोलीतले शब्द भराभरा वापरले तर ते उसने वाटतात. पण ते समजून नेमकं उत्तर दिलं, तर समोरचा माणूस मोकळा होतो. म्हणून मेहनत कानावर घ्या.

पहिल्या दिवसाचे शब्द

सर्वांत आधी कानावर पडेल तो शब्द 'ऑलराइट?'. बोलताना तो 'ऑराइट?' किंवा 'यॉराइट?' असा ऐकू येतो. हा तब्येतीबद्दलचा प्रश्न नाही. 'काय, कसं काय?' एवढाच त्याचा अर्थ. 'ऑलराइट, थँक्स. यू?' हे पुरेसं उत्तर झालं. नुसतं उलट 'ऑलराइट?' म्हटलं तरी चालतं. गुडघ्याचं दुखणं इथे सांगायचं नसतं, आणि विचारणारा उत्तरासाठी न थांबता पुढे गेला तर वाईटही वाटून घ्यायचं नसतं. त्यानं तुमची दखल घेतली, तुम्ही त्याची घेतली, काम झालं. हाच प्रश्न दुकानात 'यू ऑलराइट देअर?' असा आला, तर त्याचा अर्थ 'काय हवंय?' असा असतो. काही नको असेल तर 'जस्ट लुकिंग, थँक्स' म्हणा.

'चिअर्स' हा शब्द आपण फक्त पेल्याला पेला लावताना ऐकलेला असतो. ब्रिटनमध्ये तो दिवसभर 'थँक यू' म्हणून चालतो आणि निरोप घेतानाही म्हणतात. कुणी दार धरून ठेवलं, सुटे पैसे परत दिले, मीठ पुढे सरकवलं, की 'चिअर्स'. त्याहून छोटा 'टा', त्याचाही अर्थ आभार. 'टा-टा' म्हणजे आपण बाळांना शिकवतो तोच निरोप. लिव्हरपूल आणि बर्मिंगहॅमकडे त्याचं 'ट-रा' होतं. बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार मानायची पद्धत आहे. ब्रिस्टलमध्ये त्यासाठी 'चिअर्स, ड्राइव्ह' हे ठरलेलं वाक्य आहे. लंडनच्या बसमधून मधल्या दारानं उतरतात, म्हणून तिथे ते कमी ऐकू येतं.

'सॉरी'चा उपयोग माफीपेक्षा पुष्कळ मोठा आहे. वाट मागताना, अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करताना, कुणी आपल्याला धडकलं तरीही 'सॉरी' म्हणतात. ऐकू आलं नाही तर स्वर चढवून 'सॉरी?' विचारा. आपण सवयीनं 'व्हॉट?' म्हणतो, ते तिथे तुटक वाटतं.

'प्लीज'ची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. मराठीत सौजन्य क्रियापदात आणि स्वरात असतं. 'जरा पाणी द्या हो' म्हटलं की विनंती पूर्ण होते. म्हणून इंग्रजीत आपण 'गिव्ह मी वन कॉफी' म्हणतो आणि आपल्या मनात नसलेला उद्धटपणा समोरच्याला जाणवतो. 'कॅन आय हॅव अ कॉफी, प्लीज?' हे वाक्य पाठ करून जा. वस्तू बदलत जाईल, वाक्य तेच राहील.

रांग हा विषय तिथे गंभीर आहे. रांग नीट दिसत नसेल तर 'आर यू इन द क्यू?' असं विचारून मगच उभे राहा. मध्ये घुसण्याला 'पुशिंग इन' म्हणतात आणि ते कुणालाही खपत नाही.

'लव्ह', 'डक' आणि 'मेट'

यॉर्कशरमधल्या दुकानात काउंटरवरची बाई 'देअर यू गो, लव्ह' म्हणून सुटे पैसे हातावर ठेवते. नॉटिंगहॅम, डर्बी, स्टोक या पट्ट्यात 'लव्ह'च्या जागी 'डक' येतो. 'अय अप, मी डक' म्हणजे 'काय, बरं आहे ना?'. न्यूकॅसलला 'पेट' किंवा 'हिनी', बर्मिंगहॅमला 'बॅब', ग्लासगोत बायकांना 'हेन', तर ब्रिस्टल आणि कॉर्नवॉलकडे चक्क 'माय लव्हर'. यांत सलगी नाही आणि थट्टाही नाही. आपली भाजीवाली गिऱ्हाइकाला 'ताई', 'दादा', 'बाळा' म्हणते, तसंच हे. ऐका, हसून उत्तर द्या; परत मात्र वापरू नका. विशेषतः पुरुषांनी अनोळखी बाईला 'लव्ह' म्हणू नये.

'मेट' पुरुषांमध्ये सर्रास चालतो आणि बहुतेक वेळा मित्रत्वाचाच असतो. पण वादात आवाज चढवून 'लिसन, मेट' असं कुणी म्हटलं, तर ती ताकीद समजा.

विद्यार्थ्यांनी आणि नव्यानं नोकरीला लागलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'सर' आणि 'मॅडम' हॉटेल-दुकानातले कर्मचारी गिऱ्हाइकाला म्हणतात, शाळकरी मुलं शिक्षकांना 'सर' आणि शिक्षिकांना 'मिस' म्हणतात. विद्यापीठात प्राध्यापकाला आणि ऑफिसात साहेबाला बहुतेक ठिकाणी पहिल्या नावानंच हाक मारतात. सुरुवातीला जीभ अडखळेल, पण तिथे तो अनादर नाही.

होकार आहे की नकार?

सर्वांत जास्त गैरसमज इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

चहा विचारल्यावर कुणी 'गो ऑन, देन' म्हणालं, तर तो होकार आहे: 'बरं, चालेल.' उलट तुम्ही बसमध्ये एखाद्या आजींना जागा देऊ केलीत आणि त्या 'यू आर ऑलराइट, लव्ह' म्हणाल्या, तर तो नकार आहे: 'राहू दे, नको.' 'आयॅम ईझी' म्हणजे 'मला काहीही चालेल'. 'फॅन्सी अ कपा?' म्हणजे 'चहा घेणार?'. 'फॅन्सी' हे क्रियापद माणसाबद्दल आलं, तर मात्र अर्थ 'ती व्यक्ती मनात भरली आहे' असा होतो.

आपल्याकडे पहिल्यांदा 'नको नको' म्हणायचं, मग यजमानानं आग्रह करायचा आणि मग घ्यायचं, ही रीत आहे. ब्रिटिश यजमान फार तर एकदा 'आर यू शुअर?' विचारतो आणि तुमचा नकार खरा मानून किटली खाली ठेवतो. चहा हवा असेल तर पहिल्याच वेळी 'यस, प्लीज' म्हणा. मान डोलावून होकार देण्यावरही विसंबू नका. आपलं मान हलवणं त्यांना उमगत नाही.

कौतुक तिथे मोजून होतं. 'नॉट बॅड' म्हणजे चांगलं. 'नॉट बॅड ॲट ऑल' म्हणजे फारच छान. पण 'क्वाइट गुड' म्हणजे अनेकदा 'ठीक आहे, अजून वाव आहे'. प्रबंधाच्या मसुद्यावर मार्गदर्शकांनी 'क्वाइट गुड' म्हटलं, तर काय सुधारायचं ते आवर्जून विचारा.

'सी यू लेटर' हा केवळ निरोप आहे. दुकानदार म्हणाला म्हणून संध्याकाळी पुन्हा जायला नको. 'यू मस्ट कम राउंड समटाइम' हा आपुलकीचा उद्गार आहे. तारीख आणि वेळ ठरली, की ते निमंत्रण झालं. आणि गप्पा चालू असताना यजमानानं मांडीवर हात आपटून 'राइट...' म्हटलं, की उठायची वेळ झाली असं समजावं.

पैसा आणि वेळ

पौंडाला बोलीत 'क्विड' म्हणतात आणि त्याचं अनेकवचन करत नाहीत: 'फाइव्ह क्विड', 'फिफ्टी क्विड'. पाच पौंडांची नोट 'फाइव्हर', दहाची 'टेनर', हजार पौंड म्हणजे 'ग्रँड'. पेन्सना नुसतं 'पी' म्हणतात: 'एटी पी'. खिसा रिकामा असला की माणूस 'स्किंट' असतो. उघड लुबाडणुकीला 'रिप-ऑफ' म्हणतात.

काही शब्द जुन्या नाण्यांचे आहेत. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत ब्रिटनमध्ये बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड असे. शिलिंगला 'बॉब' म्हणत. नाणं गेलं, पण 'दॅट कॉस्ट अ फ्यू बॉब' म्हणजे 'बरेच पैसे पडले' हे वाक्य राहिलं. सार्वजनिक शौचालयाच्या दारात एक पेनी टाकावी लागे, त्यावरून वयस्कर मंडळी अजूनही 'स्पेंड अ पेनी' म्हणतात. रोजच्या बोलण्यात शौचालयाला 'लू' म्हणतात. हा शब्द तुम्हीही निःसंकोच वापरा.

'हाफ सिक्स' म्हणजे साडेसहा. आपल्या 'साडे'सारखंच अर्ध्या तासाची भर घालायची, म्हणजे चूक होणार नाही. 'फोर्टनाइट' म्हणजे दोन आठवडे, आणि हा शब्द तिथे रोजच्या वापरातला आहे. 'ट्यूजडे वीक' म्हणजे येत्या मंगळवारनंतरचा मंगळवार. यॉर्कशरमध्ये 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच. दक्षिण वेल्समध्ये कुणी 'नाउ इन अ मिनिट' म्हणालं, तर थोडा धीर धरा. ते काम जरा वेळानं होणार आहे. डॉक्टरची, प्लंबरची किंवा प्रवासाची वेळ ठरत असेल तेव्हा तारीख आणि तास पुन्हा स्वतः म्हणून दाखवा. त्यात कमीपणा नाही.

खाणं-पिणं

उत्तर इंग्लंडमध्ये आणि इतरही पुष्कळ घरांत 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण, आणि 'डिनर' म्हणजे दुपारचं. 'कम राउंड फॉर टी, हाफ फाइव्ह' असं बोलावणं आलं, तर घरून जेवून जाऊ नका. प्यायच्या चहाला 'कपा', उत्तरेकडे 'ब्रू'. दूध घातलेला, कडक चहा म्हणजे 'बिल्डर्स टी'. 'पुडिंग' किंवा 'पुड' म्हणजे जेवणानंतरचं कोणतंही गोड.

आपण ज्यांना वेफर्स किंवा चिप्स म्हणतो ते तिथे 'क्रिस्प्स'. 'चिप्स' म्हणजे बटाट्याचे जाड, गरम तळलेले तुकडे, आणि ते मिळतात त्या दुकानाला 'चिप्पी' म्हणतात. सँडविचला 'बटी', बटर लावलेल्या ब्रेडमध्ये चिप्स घातले की 'चिप बटी'. पावासारख्या गोल ब्रेडचं नाव गावागणिक बदलतं: मँचेस्टरला 'बार्म', नॉटिंगहॅमला 'कॉब', कॉव्हेंट्रीला 'बॅच', इतरत्र 'बॅप' किंवा 'रोल'. नाव आठवलं नाही तर बोट दाखवून 'वन ऑफ दोज, प्लीज' म्हणा.

'लेट्स गेट ॲन इंडियन' हे वाक्य ऐकून चमकू नका. 'ॲन इंडियन', 'अ चायनीज' म्हणजे त्या पद्धतीचं जेवण. २००१ मध्ये त्या वेळचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी एका भाषणात चिकन टिक्का मसाल्याला खराखुरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ म्हटलं होतं, इतकी ही 'करी' तिथे घरची झाली आहे. आपल्या फरसाणाला दुकानात 'बॉम्बे मिक्स' म्हणतात.

शाकाहारी मंडळींनी 'नॉन-व्हेज' हा शब्द घरीच ठेवावा. तो भारतीय इंग्रजीतला आहे. तिथल्या 'व्हेजिटेरियन'मध्ये अंडं बहुधा चालतं. म्हणून 'आय डोन्ट ईट मीट, फिश ऑर एग्ज' असं सरळ सांगा.

पबमध्ये ऑर्डर बहुतेक ठिकाणी काउंटरवर जाऊन द्यावी लागते. चार जण गेले की एकेक जण पाळीपाळीनं सर्वांसाठी पेयं आणतो, त्याला 'राउंड' म्हणतात. तुम्ही मद्य घेत नसाल तर लेमनेड किंवा ज्यूस मागा, कुणी आग्रह करणार नाही. मात्र दुसऱ्यानं आणलेलं घेतलंत, तर आपली पाळी आल्यावर 'माय राउंड' म्हणून उठा. पाळी चुकवणारा लक्षात राहतो.

दुखणं, कपडे आणि हवा

हे शब्द आपल्याला माहीत आहेत असं वाटतं, म्हणूनच ते फसवतात. 'आय हॅव बीन सिक' याचा अर्थ तिथे 'मला उलटी झाली'. बरं नाही एवढंच सांगायचं असेल तर 'आय फील अनवेल' किंवा बोलीतलं 'पॉर्ली' वापरा. 'सर्जरी' म्हणजे डॉक्टरचा दवाखानाही. शेजारीण सर्जरीला निघाली म्हणजे तिचं ऑपरेशन असेलच असं नाही. इंजेक्शन म्हणजे 'जॅब', बँड-एड म्हणजे 'प्लास्टर', अपघात आणि तातडीचा विभाग म्हणजे 'ए अँड ई'. जिवावरचा प्रसंग असेल तर ९९९, आणि तातडीचा नसलेला वैद्यकीय सल्ला हवा असेल तर १११ हे क्रमांक लिहून ठेवा.

आपली पँट तिथे 'ट्राउझर्स' असते. 'पँट्स' म्हणजे आतली चड्डी. धोब्याकडे, दुकानात, पाहुण्यांपुढे हे विसरू नका. 'व्हेस्ट' म्हणजे बनियन, 'जंपर' म्हणजे स्वेटर, 'ट्रेनर्स' म्हणजे खेळाचे बूट, 'ब्रॉली' म्हणजे छत्री.

हवा हा अनोळखी माणसाशी बोलायचा सर्वांत सोपा विषय आहे. बारीक भुरभुर म्हणजे 'स्पिटिंग', धो-धो पाऊस म्हणजे 'चकिंग इट डाउन', बोचरी थंडी म्हणजे 'निप्पी'. स्कॉटलंडमधल्या ओल्या, करड्या दिवसाला 'द्रीख' म्हणतात. बसस्टॉपवर कुणी 'बिट निप्पी, इजन्ट इट?' म्हटलं, तर 'इट इज, इजन्ट इट?' असं उत्तर द्या. तुम्हाला थंडी वाजत नसली तरी सहमत व्हा. तो हवामानाचा तपशील मागत नाही. बोलायला तयार आहे, एवढंच सांगतो आहे.

मनाची अवस्था सांगणारे शब्द

हे ऐकून कळले की संभाषणाचा सूर पकडता येतो. 'चफ्ड' म्हणजे खूश, 'गटेड' म्हणजे फार निराश, 'नॅकर्ड' आणि 'शॅटर्ड' म्हणजे थकून गळून गेलेला, 'गॉबस्मॅक्ड' म्हणजे थक्क. यांतला 'नॅकर्ड' थोडा रांगडा आहे, मोठ्यांसमोर टाळलेला बरा. 'डॉजी' म्हणजे संशयास्पद किंवा धोक्याचा: माणूस, सौदा, वायरिंग, मासळी, कशालाही लागतो. 'फॅफ' म्हणजे उगीच वेळ खाणारा खटाटोप. 'नॅफ' म्हणजे अभिरुचीहीन. 'चीकी' म्हणजे आगाऊ, पण बरेचदा कौतुकानं. 'मार्डी' म्हणजे रुसकं, चिडकं; हा शब्द मध्य आणि उत्तर इंग्लंडचा. 'निक' हे क्रियापद असेल तर अर्थ 'चोरणं', पण 'इन गुड निक' म्हणजे 'चांगल्या स्थितीत'. 'ब्रिलियंट' आणि 'लव्हली' मात्र बोलायच्या गटात ठेवा. जेवण, हवा, भेट, मदत, सगळ्याला 'लव्हली' शोभतो.

बारा कोसांवर भाषा बदलते, तिथेही

स्कॉटलंडमध्ये 'हो' म्हणजे 'आय', लहान म्हणजे 'वी', मूल म्हणजे 'बेर्न'. न्यूकॅसलचं 'कॅनी' म्हणजे छान, लिव्हरपूलचं 'साउंड' म्हणजे उत्तम, वेल्सचं 'लश' आणि 'टायडी' म्हणजे झकास. वेल्समध्ये मिठीला 'कुच' म्हणतात. उत्तर आयर्लंडमध्ये कुणी 'व्हॉट्स द क्रॅक?' विचारलं तर घाबरू नका. त्याचा अर्थ 'काय विशेष?'. पत्ता विचारताना यॉर्कशर-लँकाशरमध्ये 'जिनेल' किंवा 'स्निकेट' ऐकू आलं, तर दोन घरांमधला बोळ शोधा.

पूर्व लंडनची यमकबोली एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. जॉन कॅम्डेन हॉटन यांच्या १८५९ च्या बोलीकोशात तिची नोंद आहे. मूळ शब्दाशी यमक जुळणारी जोडी घ्यायची आणि बऱ्याचदा तिचा दुसरा भाग गाळायचा. 'लुक'साठी 'बुचर्स हुक', त्यातलं उरलं 'हॅव अ बुचर्स', म्हणजे 'बघ जरा'. 'युज युअर लोफ' म्हणजे 'डोकं चालव', कारण 'लोफ ऑफ ब्रेड'चं यमक 'हेड'शी. 'पोर्कीज' म्हणजे थापा, कारण 'पोर्क पाइज'चं यमक 'लाइज'शी. १९५० च्या दशकात गाजलेली बेलफास्टची गायिका रुबी मरे हिच्या आडनावाचं यमक 'करी'शी जुळतं, म्हणून आजही 'गोइंग फॉर अ रुबी' म्हणतात. ही बोली पर्यटकांच्या पुस्तकांत भरपूर आढळते, रस्त्यावर एवढेच थोडे शब्द टिकले आहेत. यादी पाठ करण्यात वेळ घालवू नका.

आज लंडनच्या शाळा-कॉलेजांत वेगळीच बोली ऐकू येते. जमैकन, पश्चिम आफ्रिकी आणि आपल्या उपखंडातल्या कुटुंबांची मुलं एकत्र वाढली, त्यातून ती घडली. 'ब्रव्ह' आणि 'फॅम' म्हणजे मित्रा, 'बेअर' म्हणजे पुष्कळ, 'पेंग' म्हणजे सुंदर किंवा चविष्ट, 'पीक' म्हणजे वाईट झालं, 'एंड्ज' म्हणजे आपला परिसर, आणि वाक्याच्या शेवटी 'इनिट'. नातवंडं हे शब्द घरी आणतील. अर्थ त्यांनाच विचारा, ती आनंदानं सांगतील. आपण मात्र ते बोलू नयेत. ती त्यांच्या वयाची भाषा आहे.

आपल्याच घरून गेलेले शब्द

काही शब्द ऐकताच ओळखीचे वाटतील. 'पका' म्हणजे आपला पक्का, अस्सल. 'हॅव अ डेको' हे 'देखो'वरून आलं. आरामाच्या नोकरीला 'कुशी' म्हणतात, ते 'खुशी'वरून. 'ब्लायटी' म्हणजे ब्रिटन, आणि मूळ शब्द 'विलायती'. 'चडीज' म्हणजे चड्डी. १९९८ मध्ये बीबीसीच्या टीव्हीवर आलेल्या 'गुडनेस ग्रेशस मी' या ब्रिटिश भारतीयांच्या विनोदी कार्यक्रमानं तो घरोघरी पोहोचवला आणि २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात त्याला जागा मिळाली.

यांत महाराष्ट्राचा खास शब्द आहे 'डूलाली'. कुणाचं डोकं ठिकाणावर नाही असं म्हणायचं असेल, तर 'ही हॅज गॉन डूलाली' म्हणतात. हे आपलं नाशिकजवळचं देवळाली. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत इंग्रज सैनिक तिथल्या छावणीत दिवसचे दिवस काढत. उष्णता, ताप आणि रिकामपण यांनी ते बेजार होत. 'डूलाली टॅप' हे मूळ रूप, आणि त्यातला 'टॅप' म्हणजे ताप. हा शब्द वापरणाऱ्या बहुतेकांना हे गाव कुठे आहे ते ठाऊक नसतं. त्यांना सांगा. शेजाऱ्याशी खऱ्या गप्पा सुरू करायला याहून चांगलं निमित्त नाही.

कळू द्या, पण बोलू नका

'ब्लडी' हा शब्द तिथे सतत ऐकू येतो. १९१४ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर शॉच्या 'पिग्मॅलियन'च्या नायिकेनं तो उच्चारला तेव्हा मोठी खळबळ माजली होती. पुलंनी 'ती फुलराणी' म्हणून मराठीत आणलेलं तेच हे नाटक. आज तो सौम्य मानला जातो, तरी पाहुण्याच्या तोंडी तो शोभत नाही. 'पिस्ड' म्हणजे दारू चढलेला. अमेरिकन चित्रपट पाहून 'रागावलेला' असा अर्थ घेऊ नका. थट्टा करण्याला 'टेकिंग द मिकी' म्हणतात, त्याचं दुसरं रूप असभ्य आहे. 'वँकर' आणि 'टॉसर' या शिव्या आहेत. दोन बोटांची विजयाची खूण करताना तळवा समोरच्याकडे हवा. हाताची मागची बाजू दाखवली तर ती शिवी होते.

एका शब्दाबद्दल अगदी स्पष्ट बोललं पाहिजे. पाकिस्तानी माणसासाठी आपल्याकडे क्रिकेटच्या गप्पांत जे छोटं रूप सहज वापरलं जातं, 'पाक'ला ईकार लावून, ते ब्रिटनमध्ये अत्यंत हीन वांशिक शिवी आहे. उपखंडातून आलेल्या सगळ्यांनाच, मराठी कुटुंबांनासुद्धा, ती मारहाणीसोबत ऐकावी लागली आहे. घरातही, मराठीत बोलतानाही ते रूप वापरू नका. लहान मुलं उचलतात आणि शाळेत बोलतात. आणि ते कुणी तुम्हाला उद्देशून वापरलं, तर गप्प बसून सोसू नका. धोका वाटला तर ९९९, नाहीतर १०१ वर पोलिसांना कळवा. असा प्रकार तिथे द्वेषमूलक गुन्हा म्हणून नोंदवला जातो.

तयारी कशी कराल?

निघण्यापूर्वी महिनाभर रोज अर्धा तास ऐका. 'कोरोनेशन स्ट्रीट' ही मालिका १९६० पासून चालू आहे आणि तिच्यात मँचेस्टरकडची बोली आहे. १९८५ पासूनच्या 'ईस्टएंडर्स'मध्ये पूर्व लंडनची बोली आहे. 'गॅव्हिन अँड स्टेसी'मध्ये एसेक्स आणि दक्षिण वेल्स दोन्ही ऐकायला मिळतात. मुलं राहतात त्या भागाची बोली निवडा. एक प्रसंग आधी इंग्रजी सबटायटल लावून पाहा, मग तोच सबटायटलशिवाय ऐका.

पोहोचल्यावर रोज एक काम एकट्यानं करा: दूध आणणं, बसनं जाऊन येणं, टपाल टाकणं. मुलांनीही आई-बाबांच्या वतीनं बोलायची घाई करू नये; शेजारी उभं राहावं आणि त्यांना बोलू द्यावं. समजलं नाही तर मान डोलावून वेळ मारून नेऊ नका. 'सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट' म्हणा, आणि शब्द नवा असेल तर 'व्हॉट डज दॅट मीन?' विचारा. आपल्या गावचा शब्द पाहुण्याला समजावून सांगायला जगात कुठेही माणसाला आवडतं.

अनेक सार्वजनिक वाचनालयांत आणि समाजमंदिरांत 'निट अँड नॅटर' नावाचे मेळावे भरतात. 'नॅटर' म्हणजे गप्पा. विणकाम येत असेल तर सुया घेऊन जा, येत नसेल तरी जा. तिथल्या आजी-आजोबांनाही बोलायला कुणीतरी हवं असतं. पहिल्या दिवशी निम्मं कळेल, चौथ्या खेपेला बरंच कळेल, आणि मग नाव घेऊन विचारणारी माणसं भेटू लागतील. सहा महिने मुलांच्या घरात नुसते काढायचे की त्या गावात राहायचे, हे बहुतांशी या पहिल्या पावलावर ठरतं. म्हणून पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या वाचनालयाचा पत्ता आणि या मेळाव्याचा वार शोधून ठेवा.